आम्ही पंच समक्ष हजर असताना

३ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम जाड पाकीट, म्हणजे दादा आजारी तरी असणार नाहीतर त्याला म्हातारचळ लागला असणार, असं तुला वाटेल. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पत्ता तुझ्या लेकीकडून घेतला. बापाला सांगू नकोस असं तिला बजावलंय, म्हणजे तिने तासाभरात सांगितलं असेल.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण अजून माझंच ऐकतात. नोकरी सुटल्यावर लावलेली लिंबं आता माझ्या डोक्यावरून गेली आहेत. तुझ्या वहिनीला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हा तू आला होतास, मला माहीत आहे. फाटकाबाहेर गाडीत बसून राहिलास आणि तसाच परत गेलास. मीही बाहेर आलो नाही. तो विषय राहू दे.

एक कुत्रा आहे. नाव हवालदार. रागावू नकोस, नाव वहिनीने ठेवलंय. म्हणायची, दिवसभर झोपतो आणि उठला की ज्याची चूक नाही त्याच्यावरच भुंकतो.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तू तीस वर्षं पोलीस खात्यात काढलीस, म्हणून तुलाच विचारतोय.

गेले दोन महिने माझ्या जागेत काहीतरी बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे काय, ते नेमकं सांगता येत नव्हतं. फाटकाची साखळी मी नेहमी तिसऱ्या कडीत अडकवतो, ती चौथीत असायची. शिडी ज्या झाडाला टेकवून ठेवली तिथून दोन झाडं पलीकडे. एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. पण मी आयुष्यभर मोजणीदार म्हणून लोकांच्या हद्दी मोजल्या. वीतभर सरकलेला दगड मला झोपू देत नाही, हे तुला माहीत आहे.

मग पंपाच्या खोलीतली खुर्ची. मोटर सुरू झाली की तिच्याकडे तोंड करून मी पाच मिनिटं बसतो, एवढाच तिचा उपयोग. एके सकाळी खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं. मी ती न हलवता तिच्यावर बसून बघितलं. लिंबाच्या दोन ओळींमधून थेट माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार दिसत होतं, पायरीसकट. आधी तिथून ते दिसायचं नाही, मध्ये एक फांदी यायची. जाऊन बघितलं तर फांदी छाटलेली होती. तोडलेली नाही, छाटलेली. मोजणीच्या वेळी नजरेच्या रेषेत झुडूप आलं की आम्ही असंच करायचो. भर सकाळच्या उन्हात अंगावर काटा आला बघ.

पण खरी भीती वाटली ती हवालदारामुळे. एका दुपारी मी पायरीवर बसलो होतो आणि तो मागच्या निलगिरीच्या रांगेकडे बघून शेपूट हलवत होता. तिथे कोणी नव्हतं. निदान मला तरी दिसलं नाही. हाक मारली, तर माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा तिकडे तोंड करून शेपूट. परक्याला बघून कुत्रं असं करत नाही. म्हणजे माझ्या कुंपणाच्या आत कोणीतरी येत होतं, रोजच्यासारखं येत होतं, त्याला मी ओळखत नव्हतो आणि माझा कुत्रा ओळखत होता.

दुसऱ्या दिवशी निलगिरीच्या रांगेत एक एक खोड हात लावून बघितलं. सातव्या झाडावर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर, पट्ट्याने बांधलेली डबी सापडली. सालीच्या रंगाची. मधोमध काचेचा डोळा, आणि डोळा माझ्या मागच्या दारावर. पट्टा सोडवला तर खोडावर त्याचा फिकट वळ उठलेला. म्हणजे नव्याने बांधलेली नव्हती. डबी घरात आणली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर टॉवेल टाकला. का टाकला, कोण जाणे. बिनटॉवेलाचं तिच्यासमोर जेवण जाईना.

पुढच्या सकाळी नऊ वाजता पोलिसांची जीप दारात. तरुण फौजदार, सोबत दोन शिपाई. हवालदार धावत जाऊन त्यातल्या दाढीवाल्या शिपायाच्या पायांत घोटाळायला लागला. त्याने सवयीने खिशात हात घातला, बिस्किटाचा तुकडा काढला आणि मग माझ्याकडे बघून थांबला.

"काका, आमची एक वस्तू तुमच्याकडे आली आहे," फौजदार म्हणाला.

"माझ्या झाडावरची वस्तू तुमची कशी?"

"झाड तुमचं, कॅमेरा आमचा." हसला. चेहऱ्याने वाईट नाही रे, आपल्याकडे लग्नाला आला तर पंगतीत वाढायला उभा राहील असा मुलगा. म्हणाला, पलीकडच्या टॉवरवरून विजेची तार चोरीला जाते. चोर ती आसपासच्या रानात पुरून ठेवतात. म्हणून टॉवरच्या रांगेतल्या सगळ्या जागांवर नजर आहे.

"आत यायला कागद लागतो ना? वॉरंट?"

"घराला लागतो काका. हे मोकळं रान. कुंपण घातलं म्हणून रानाचं घर होत नाही."

"मग इतके दिवस माझ्या दाराकडे तोंड कशाला?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "तुम्ही एकटे राहता ना? रोज चार वाजता मागच्या पायरीवर चहाचे दोन कप घेऊन बसता. बोलताही. आम्हाला वाटलं, आत कोणीतरी लपलंय. दुसरा कप कोणाचा?"

धाकट्या, दुसरा कप तुझ्या वहिनीचा. ही गोष्ट मी तुझ्या लेकीलाही सांगितली नव्हती. त्या दिवशी तीन अनोळखी माणसांसमोर, दारात उभं राहून, सांगावी लागली. एक शिपाई खाली बघायला लागला. फौजदार म्हणाला, "सॉरी काका. आता तुमचं नाव क्लिअर आहे." आणि माझं समाधान व्हावं म्हणून त्याने फाइलीतून एक कागद काढून दिला. म्हणाला, मालकाला प्रत द्यायची असते, ती राहिली होती.

तो पंचनामा होता. माझ्या घराच्या झडतीचा. तारीख १४ ऑक्टोबर, दुपारी अडीच ते सव्वातीन.

१४ ऑक्टोबरला मी घरातच होतो. ताप होता, गोळी घेऊन दुपारभर झोपलो होतो. कागदावर लिहिलंय: घरमालक घरात हजर होते, त्यांनी हरकत घेतली नाही.

ते माझ्या पलंगाला वळसा घालून गेले. पलंगाखालची पेटी त्यांनी बाहेर ओढली. त्या पेटीत वहिनीच्या वस्तू आहेत. ती गेल्यापासून मी ती उघडलेली नाही, आत काय ठेवलंय ते मलाच ठाऊक नव्हतं. ते मला पंचनाम्यातून कळलं. स्वेटर एक, अर्धवट विणलेला, सुयांसह. चष्मा एक, डावी काडी नसलेला. कंगवा एक. आक्षेपार्ह काही नाही. जीप गेल्यावर पेटी उघडली. सगळं यादीप्रमाणे होतं. फक्त घड्या परक्या हाताच्या होत्या.

कागदाच्या खाली दोन पंचांच्या सह्या आहेत. त्यांच्या समक्ष झडती झाली म्हणे. एक नाव नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचं. आता तू सांग. तुमच्या खात्यात असं होतं का? म्हणजे होतं हे मी... नाही, राहू दे. तूच सांग.

तुझा,
दादा


१७ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

पत्राचं उत्तर पत्राने येईल असं वाटलं होतं. तुझा फोन आला. अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू काय बोललास? "दादा, गप्प बस. काही सापडलं नाही ना? मग जुनी मढी उकरू नकोस." आणि ठेवून दिलास. मी एकाही मढ्याचं नाव घेतलं नव्हतं रे. तूच घेतलंस.

फोन झाल्यावर मी नाक्यावर गेलो. पंक्चरवाला टायरच्या पोटात हात घालून बसला होता. मी विचारलं, "माझ्या घरी आला होतास का, चौदा तारखेला?"

"छे हो काका! दुकान टाकून मी कुठे जातोय? तुमचं घर मी बघितलेलंसुद्धा नाही."

"मग सही?"

"सही होय! ती काय, हवेसारखी आहे. त्यांच्या गाडीला हवा भरतो, ते कागद पुढे करतात, आपण सही भरतो." स्वतःच्या विनोदावर हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरलं. "तुम्ही तर सरकारी नोकरीतले. तुम्ही नाही का केली कधी अशी सही?"

मी घरी आलो. त्या दिवशी चार वाजता चहा केला नाही.

तर आता लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मी ते आजवर कधी लिहिलेलं नाही. बोललेलोही नाही. वहिनीलासुद्धा नाही.

बावीस वर्षांपूर्वी तू जेवणाच्या सुट्टीत माझ्या ऑफिसात आलास. मी डबा उघडला होता. तू म्हणालास, "दादा, सही हवी. पंच मिळत नाहीत, जो तो अंग चोरतो. सरकारी माणसाच्या सहीला वजन असतं." सराफाची तिजोरी फुटली होती, आणि गावाबाहेर रानात शेड टाकून राहणाऱ्या कुलूपवाल्याच्या शेडमध्ये जमिनीखाली माल मिळाला होता. वॉरंट नव्हतं. शेड रानात आहे, घरात नाही, असं तूही म्हणाला होतास. अगदी त्या फौजदाराच्या शब्दांत. मी चमचा खाली ठेवला, हात पुसले आणि सही केली. पहिलं वाक्य तेवढं वाचलं: आम्ही पंच समक्ष हजर असताना. बाकीचं वाचलं नाही. डबा गार होत होता.

सहीपर्यंत ठीक होतं असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. सही काय, कोणीही करतो. पण कोर्टात जे केलं ते कोणीही करत नाही.

कोर्टात वकिलाने विचारलं, तुम्ही कुठे उभे होता? दुसरा पंच आधीच गडबडला होता. मी नाही गडबडलो. मी आदल्या दिवशी ऑफिसातून त्या जागेचा नकाशा काढून पंचनाम्याशी ताडून बघितला होता. मी म्हणालो, शेडच्या दाराच्या डाव्या अंगाला, उंबऱ्यापासून चार फुटांवर. खड्डा समोरच्या भिंतीपासून तीन फूट, विहिरीपासून सत्तेचाळीस. न्यायाधीश चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, साक्षीदार असा असावा. तू मागच्या बाकावर बसला होतास. तुझ्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं, धाकट्या. तेवढं कौतुक तुझ्या डोळ्यांत मी पुन्हा कधी बघितलं नाही.

कुलूपवाला पिंजऱ्यात उभा होता. तो चिडला नाही, ओरडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा.

माल खरंच त्याच्याकडे होता की नाही, मला माहीत नाही. ते तुलाच माहीत. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, पाचव्या वर्षी तो आत वारला. ती बातमी तू मला आईच्या आजारपणात सांगितलीस, दवाखान्याच्या व्हरांड्यात, सहज, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तशी. त्यानंतर माझ्याच्याने तुझ्या तोंडाकडे बघवेना. आई होती तोवर तिच्यासाठी निभावून नेलं. ती गेली आणि तेही संपलं. लोक समजतात आपण भाऊ घरावरून भांडलो. समजू देत.

परवा मी त्याच्या बायकोला शोधलं. अवघड नव्हतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक इस्त्री, आणि खोलीभर दोरीवर टांगलेली लोकांची शर्टं. मी एक शर्ट इस्त्रीला देण्याच्या निमित्ताने गेलो. नाव विचारलं तिने, चिठ्ठी लावायला. मी सांगितलं.

इस्त्री हातात तशीच राहिली. मग तिने ती उभी करून ठेवली आणि म्हणाली, "मोजणीदार?"

"हो."

"उंबऱ्यापासून चार फूट."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मला वाटलं आता ती शिव्या देईल, निदान बाहेर काढेल. तिने स्टूल पुढे सरकवलं. म्हणाली, "बसा. मला एकच विचारायचंय, बावीस वर्षं झाली. तुम्ही खरंच तिथे होता का हो?"

"नाही," मी म्हणालो. "मी तुमची शेड कधी बघितली नाही."

तिने डोळे मिटले. शेजारच्या दुकानात कोणीतरी खिळे ठोकत होतं.

मग तिने जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो.

"पहिल्या भेटीला ते म्हणाले, शेडमध्ये पोलीस होते, मी होतो, आणखी कोणी नव्हतं. दुसऱ्या भेटीलाही तेच. मग म्हणायला लागले, अगं, पण तो माणूस फूट-इंचात सांगत होता. खोटं बोलणाऱ्याला इतकं कसं माहीत असेल? मीच बघितलं नसेल. वर्षभराने म्हणाले, आता आठवतंय थोडं थोडं, दाराच्या डावीकडे कोणीतरी होतं. आणि मग ते दोघं त्यांना आतही दिसायला लागले. कोठडीच्या दाराशी. एक डावीकडे, एक उजवीकडे. काही करायचे नाहीत, बोलायचे नाहीत. नुसते हजर. मी भेटीला गेले की म्हणायचे, हळू बोल, पंच ऐकतात. शेवटी शेवटी जेवतानाही पाठ करून बसायचे म्हणे. इतर कैदी सांगत. वेड लागलं म्हणून डॉक्टरांनी लिहिलं."

तिने पुन्हा इस्त्री उचलली. माझा शर्ट घेतला आणि कॉलरपासून सुरुवात केली. "चांगला माणूस होता. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तुमच्या शब्दांवर जास्त विश्वास बसला, एवढीच त्यांची चूक."

शर्ट घडी करून तिने माझ्या हातात दिला. मी तो अजून उघडलेला नाही.

धाकट्या, तुला सांगायला संकोच वाटतो, पण परवापासून मी अवजारांच्या खोलीत जाताना दाराच्या डाव्या अंगाला अंग घासू देत नाही. उजवीकडून, थोडा वळसा घालून आत जातो. तिथे कोणी नाही, हे मला कळतं. भर दुपार असते, लख्ख ऊन असतं, फरशीवर माझी एकट्याची सावली असते. हवालदार मात्र माझ्या मागे येतो, उंबऱ्यापासून चार फुटांवर थांबतो आणि शेपूट हलवतो. उद्या कोणी म्हणेल, शिपायाच्या बिस्किटांची सवय झाली आहे त्याला. असेल. मी फक्त वळसा घालतो.

मी एका वकीलबाईंकडे जाऊन आलो. गेलो होतो माझ्या झडतीची तक्रार द्यायला. वॉरंट नाही, पंच खोटे, झाडावर कॅमेरा. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, केस भक्कम आहे. मग मी कुलूपवाल्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे तुम्ही बोललात तर तुमच्यावरच खटला होईल. वयाकडे बघा. नुसती तक्रार द्या, जुनं कशाला काढता? त्याचा याच्याशी संबंध काय?"

मी म्हणालो, "बाई, पंक्चरवाल्याच्या सहीला खोटं म्हणायचं तर आधी माझ्या सहीला म्हणायला हवं."

पुढच्या सोमवारी मी न्यायाधीशांसमोर जबाब देणार आहे. दोन्ही गोष्टींचा. सह्या कोणी घेतल्या हे विचारतील. मी तुझं नाव सांगेन. अकरा वाजता मी कोर्टाच्या पायऱ्यांवर असेन. आलास तर दोघं मिळून आत जाऊ, लहानपणी मार खायला जायचो तसे. नाही आलास तर मी एकटा जाईन.

तुझाच,
दादा


९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

आला नाहीस. साडेअकरापर्यंत वाट बघितली, मग शिपायाने नाव पुकारलं.

काय झालं ते तुला बाहेरून तिखटमीठ लावून कळलं असेल, म्हणून माझ्याकडून ऐक. कोर्टाने जबाब लिहून घेतला. माझ्यावर खोट्या साक्षीचा खटला उभा राहतोय. वकीलबाई म्हणतात, वय बघून शिक्षा कमी होईल. मी त्यांना सांगितलं, वय बघू नका म्हणावं. फौजदाराला कोर्टाने जाब विचारलाय, की झोपलेल्या माणसाची हरकत नव्हती हे त्याने कशावरून ठरवलं. रांगेतल्या सगळ्या जागांवरचे कॅमेरे उतरवले. एकंदर अकरा निघाले. एक शाळेच्या बाईंच्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर होता. त्यांना वाटायचं, आपल्याला उगाच भास होतात. दाढीवाला शिपाई एका रविवारी साध्या कपड्यात येऊन गेला. फाटकाबाहेर उभं राहून "येऊ का?" म्हणून विचारलं. मी ये म्हणालो. हवालदाराला भेटला, माझी माफी मागितली, आणि गेला.

पण तुला सांगायचंय ते वेगळं. त्या सोमवारी कोर्टात मागच्या बाकावर, तेव्हा तू बसला होतास तिथेच, कुलूपवाल्याची बायको येऊन बसली होती. मी तिला कळवलं नव्हतं. वकीलबाईंनी कळवलं असावं. न्यायाधीशांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? मी म्हणालो, "ऑफिसात, माझ्या टेबलाशी. मी त्या शेडमध्ये नव्हतो."

मागून आवाज आला, "पुन्हा म्हणा."

शिपाई तिच्याकडे धावला. न्यायाधीशांनी हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मागे वळलो आणि तिला सांगितलं, "मी तिथे नव्हतो."

"दुसरा?"

"दुसराही नव्हता. मी चौकशी केली आहे, त्याने घरी बसून सही केली. वारला तो आता. तिथे कोणीही नव्हतं, ताई. तुमच्या नवऱ्याने नीट बघितलं होतं."

ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली. जाताना दाराशी क्षणभर थांबली आणि दाराच्या डाव्या बाजूला हात फिरवून बघितला, भिंतीला रंग ओला आहे का बघतात तसा. मग बाहेर पडली. त्या दिवसापासून मी सरळ खोलीत जातो. नेहमी जमत नाही.

आता तुझं. तुझ्याकडे चौकशी येणार. तुझ्या जुन्या डायऱ्या घरात आहेत असं वकीलबाई म्हणतात, तेव्हा घराची झडतीही होईल. मला तुझा राग नाही, आणि तुझी दयाही येत नाही. तू माझा धाकटा आहेस, बस. म्हणून तुझ्या खात्याने तुला जे कधी शिकवलं नाही ते मी सांगतो. नीट ऐक.

दार वाजलं की आधी कागद माग. वॉरंट. त्यावर तुझंच नाव, तुझंच घर आहे का बघ. नसेल तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देऊ नकोस. तो तुझा हक्क आहे, चुकलेल्या माणसालाही तो असतो. कागद असेल तर बाजूला हो आणि बघू दे. झोपू नकोस. सुनेला, लेकीला सांग, कोणी पेटीला हात लावला तर समोर उभं राहायचं.

आणि पंचांना पुढे बोलाव. नाव विचार. तोंडं बघून घे, हाताला हात लावून बघ. मोजून घे. दोन असतील. दोनच असायला हवेत.

तुझा,
दादा